अक्षरांचे आकडे : गावच्या वाचनालयाच्या सूचीच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

आज कामाला हात घातला. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात अडीच हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत, शिवाय जत्रेतल्या नाटकांच्या हस्तलिखित संहितांची दोन कपाटं. सूची अजून दाखल नोंदवहीतच आहे आणि गेल्या पावसात त्या वहीच्या पानांना बुरशी लागली. ग्रंथपाल भाई मला म्हणाले, "बाय, तू पणजीला जाऊन दिवसभर कॉम्प्युटरवर बसतेस ना? मग आमची सूची वर्णानुक्रमे लावून दे. चवथीच्या आधी झाली तर बरं." मी हो म्हटलं. माझी दहावीतली भाची आणि तिचे दोन वर्गमित्र पुस्तकांची नावं संगणकावर चढवायला तयार झाले, पण एका अटीवर : प्रोग्राम कसा चालतो ते त्यांना शिकवायचं.

म्हणून सुरुवात अगदी मुळापासून केली. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ऑर्ड नावाचं फंक्शन अक्षराचा आकडा देतं आणि सीएचआर हे त्याचं उलटं काम करतं. इंग्रजी मोठ्या ए चा आकडा ६५, झेडचा ९०. छोटा ए ९७. मोठ्यात आणि छोट्यात ३२ चं अंतर. ए ला १ म्हणायचं असेल तर ६४ वजा केले की झालं, थेट २६ पर्यंत गाडी सरळ जाते. मुलांना हे पाच मिनिटांत कळलं.

मग भाचीने विचारलं, "आत्या, आपल्या क चा किती?" क चा २३२५. तिने लगेच सूत्र मांडलं : २३२४ वजा करा, क म्हणजे १, ख म्हणजे २. पोरं बोटं मोजत निघाली. क-वर्ग बरोबर, च-वर्ग बरोबर, ट-वर्ग, त-वर्ग, न ला २०. आता प ला २१ यायला हवे. आले २२.

तिघांनी तीनदा मोजलं. चूक मोजण्यात नव्हती.

९ जून, रात्री

प च्या आधी कोण बसलंय ते पाहिलं. २३४५ या आकड्यावर नुक्ता दिलेला न आहे, खाली टिंब असलेला. मराठीत तो कुणी लिहीत नाही. तसाच र नंतर २३५३ वर ऱ, मग ल, ळ, आणि २३५६ वर खाली टिंबवाला ळ. हे आकडे युनिकोडचे, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या संकेतप्रणालीचे. तिचा देवनागरी विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंत, १२८ जागांचा. त्याची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली आहे. इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा दिला होता. तमिळमध्ये दोन वेगळे न आहेत आणि ळ च्या जोडीला आणखी एक ध्वनी आहे. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्च्या आपल्या ओळीतही आल्या.

या मांडणीचा फायदा मुलांना दाखवायचा ठरवला. कन्नडचा विभाग देवनागरीपासून बरोबर ८९६ जागा पुढे आहे. 'गोवा' या शब्दातल्या ग, ो, व, ा या चारही आकड्यांत ८९६ मिळवले की पडद्यावर कन्नड लिपीतलं गोवा उमटतं. एका मुलाची आई मूळची कारवारची, तिला कन्नड वाचता येतं. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर फोटो नेऊन तिला दाखवला आणि तिने तो वाचला. एवढ्या एका बेरजेने पोरगा जो बसला तो उठेचना.

१५ जून

साडेतीनशे पुस्तकं चढली. सभासदांच्या गावांची यादी छोटी असल्याने आधी तीच पायथनच्या साध्या सॉर्टमधून, म्हणजे आकड्यांप्रमाणे क्रम लावणाऱ्या फंक्शनमधून काढली आणि कागद भाईंच्या हातात दिला. भाईंनी चष्मा लावला, बोट खाली खाली नेलं आणि म या अक्षरावर थांबले.

यंत्राचा क्रम असा : मंगेशी, मडगाव, मये, माशेल, मुरगाव, मोरजी, म्हापसा.

"मंगेशी पहिलं कसं?" भाईंच्या वहीत बिनटिंबाचे शब्द आधी आणि टिंबाचे त्यांच्यामागे. यंत्रात अनुस्वाराचा आकडा २३०६, म्हणजे सगळ्या व्यंजनांच्या आधीचा. म्हणून मंगेशी वर चढली. हा क्रम चूकच आहे असं मी म्हणणार नाही, कारण याबाबत कोशाकोशांतही एकमत नाही. पण हे वाचनालय भाईंच्या वहीवर चाललंय आणि वाचकांची नजर त्याच क्रमाला सरावली आहे. वही हाच आमचा नियम.

पुढे व. वाळपई वर, वास्को खाली. इथे मात्र मतभेदाला जागा नाही. ळ चा आकडा २३५५, स चा २३६०, म्हणून यंत्राने ळ आधी घेतला. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. शाळेत फळ्यावर आपण घोकलंय ते श ष स ह ळ क्ष ज्ञ. वास्को आधी, वाळपई नंतर.

पुस्तकांच्या यादीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. 'क्षितिज' आणि 'क्षण' क च्या घरात, क्रमांकाने क्रांतीच्या मागे जाऊन बसले होते, कारण यंत्राला क्ष हे एक अक्षर दिसतच नाही. त्याला दिसतात तीन आकडे : २३२५, २३८१, २३५९. क, हलन्ताची खूण, ष. दुसरी गोष्ट ॲ ची. ॲ ने सुरू होणारी दोन पुस्तकं होती. त्यातलं एक यादीच्या अगदी तळाशी, '१०१' ने सुरू होणाऱ्या पुस्तकांच्याही खाली. दुसरं अ संपून आ सुरू होण्याच्या सीमेवर. दोन्ही नावं छापल्यावर डोळ्यांना सारखीच. आकडे काढले तर पहिल्याचं एकसंध अक्षर २४१८, दुसऱ्याचे दोन तुकडे : अ चे २३०९ आणि वरच्या चंद्राचे २३७३. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. तोवर स्वरांच्या ओळीतल्या जागा भरल्या होत्या, म्हणून त्याला ० ते ९ या अंकांच्या पलीकडे जागा मिळाली.

भाई हे सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे दाखल क्रमांकासारखं आहे." अगदी तसंच आहे. पुस्तक आलं त्या दिवशी जो क्रमांक पडला तो पडला. त्यावरून पुस्तक ओळखायचं, पण कपाटात त्या क्रमाने लावायचं नसतं. मी आठवडाभर जे मुलांना समजावण्याचा प्रयत्न करत होते, ते भाईंनी त्यांच्या धंद्याच्या एका शब्दात सांगितलं.

२२ जून

आता आपला क्रम आपणच यंत्राला द्यायचा. तयार साधनं आहेत, आयसीयू नावाचं मोठं सॉफ्टवेअर भाषाभाषांचे वर्णक्रम सांभाळतं. पण वाचनालयाचा संगणक जुना, इंटरनेट येऊन जाऊन, आणि मुलांना आतलं बघायचं आहे. शिवाय अनुस्वाराचा नियम आमचा घरचा. म्हणून तक्ता हाताने केला.

महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातली वर्णमाला घेतली : १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं, शेवटी क्ष आणि ज्ञ. एकूण ५२. त्यात ॲ ए च्या मागे आणि ऑ ओ च्या मागे बसतो, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. अ ला १, औ ला १४, अनुस्वाराला १५, विसर्गाला १६. क १७ पासून म ४१ पर्यंत, मग य ४२, र ४३, ल ४४, व ४५, श ४६, ष ४७, स ४८, ह ४९, ळ ५०, क्ष ५१, ज्ञ ५२. मुलांनी हा तक्ता कार्डबोर्डवर रंगवून भिंतीला लावलाय.

तरी सुटे आकडे पुरत नाहीत. 'की' हे आपल्या कानाला एक अक्षर, पण पायथन त्याची लांबी २ सांगतं. आणि शब्द लावताना आपण अक्षराअक्षराने तोलतो, व्यंजन आधी, मग त्याचा स्वर. बाराखडी हेच तर शिकवते. म्हणून प्रत्येक अक्षराचं एक त्रिकूट केलं : व्यंजनाचा आकडा, स्वराचा आकडा, आणि टिंब किंवा विसर्ग असेल तर त्याचा. व्यंजनाला मात्रा नसेल तर आतला अ गृहीत धरून स्वर १. नुसता स्वर असेल तर व्यंजन ०, म्हणजे स्वराने सुरू होणारे शब्द सर्वांत आधी. पाय मोडला असेल तर स्वराच्या जागी ६०, म्हणजे जोडाक्षर सगळ्या बाराखडीच्या मागे.

फळ्यावर दोन शब्द सोडवले.

वास्को : (४५, २, ०) (४८, ६०, ०) (१७, १२, ०)
वाळपई : (४५, २, ०) (५०, १, ०) (३७, १, ०) (०, ४, ०)

पहिलं त्रिकूट सारखं. दुसऱ्यात ४८ आणि ५०. वास्को आधी. पायथन अशा याद्या आपणहून डावीकडून उजवीकडे तोलतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. मग मंगेशी : तिचं पहिलं त्रिकूट (४१, १, १५), मडगावचं (४१, १, ०), माशेलचं (४१, २, ०). मडगाव, मये, मंगेशी, माशेल. भाईंच्या वहीप्रमाणे. भाचीने टाळी वाजवली आणि खरं सांगायचं तर मीही.

शब्दांमधली मोकळी जागा विसरले होते. तिला (०, ०, ०) दिलं.

२९ जून

सकाळपासून लाईट नाही. मुलांनी मेणबत्तीच्या उजेडात नाटकांच्या संहितांवरचे दाखल क्रमांक तपासले. एका संहितेच्या आत प्रॉम्प्टरने पेन्सिलने खुणा केलेल्या सापडल्या. संगणकाचं काम शून्य.

६ जुलै, आषाढी एकादशी

दुपारी देवळात भजन होतं. वाचनालय बंदच ठेवायचं होतं, पण भाई भजन आटोपून आले आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहिले. "अक्षरांचे आकडे करणं हे काय आजचं नाही. कटपयादि ऐकलंयस?"

नाव ऐकलं होतं, रीत माहीत नव्हती. भाईंनी संगीताच्या शास्त्राचा अभ्यास केलेला, त्यांनी तिथेच सांगितली. क पासून नऊ अक्षरांना १ ते ९, ञ ला शून्य. ट पासून पुन्हा १ ते ९, न ला शून्य. प पासून म पर्यंत १ ते ५. य पासून पुन्हा १. म्हणून क-ट-प-यादि, ज्यांना ज्यांना १ मिळतो ती चार अक्षरं. नुसत्या स्वराला शून्य, मात्रांची किंमत नाही, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं, आणि आलेला आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा. केरळात ज्योतिर्गणिताचे आकडे याच रीतीने श्लोकांत बांधले. कर्नाटक संगीतात ७२ मेळांच्या, म्हणजे ज्यांतून राग निघतात त्या मूळ स्वरसंचांच्या नावांची पहिली दोन अक्षरं अशी योजली की नावातूनच मेळाचा क्रमांक निघतो.

मुलांना राहवेना. प्रोग्राम तिथल्या तिथे लिहिला, आणि लिहिताना कळलं की आमचा तक्ता त्याला जसाच्या तसा चालतो. म पर्यंतच्या अक्षराच्या आकड्यातून १६ वजा करायचे आणि एककाचा अंक घ्यायचा. य पासून पुढे ४१ वजा करायचे, बस. य १, र २, ल ३, व ४, श ५, ष ६, स ७, ह ८. आणि ळ? पन्नासातून एक्केचाळीस गेले, नऊ. भाई म्हणाले, दक्षिणेत ळ ला नऊच धरतात. म्हणजे कटपयादि करणाऱ्यांच्या मनातही ळ ह च्या पाठीच होता. युनिकोडच्या आकड्यांवरून हीच वजाबाकी केली असती तर ळ ल ला चिकटून कुठल्या कुठे गेला असता. मला या एका गोष्टीने दिवसभर पुरेल इतका आनंद झाला.

मेचकल्याणी : मे ५, च ६, उलटं वाचून ६५. पासष्टावा मेळ, बरोबर. धीरशंकराभरण : ९, २, म्हणजे २९. बरोबर. मायामालवगौळ : ५, १, म्हणजे १५. बरोबर. रत्नांगी : र २, त्ना मधला शेवटचा न शून्य, म्हणजे ०२. दुसरा मेळ. भाचीने चक्रवाक घातलं. आले ६२. भाई म्हणाले, चक्रवाक सोळावा.

तिने प्रोग्राम उलटसुलट केला. च ६, क्र चं शेवटचं व्यंजन र, म्हणजे २. नियमाने ६२ च येतात. सोळा हवे तर क्र मधला क धरावा लागतो. भाईंनी मान डोलावली : हा अपवाद आहे, अशी आणखी काही नावं आहेत, ती गाणाऱ्यांना पाठ असतात. भाचीने विचारलं, "मग प्रोग्रामला कसं कळणार?" मी म्हटलं, अपवादांची वेगळी यादी करायची आणि आधी ती बघायची. तिने वहीत लिहून घेतलं. आठवडाभरात हेच वाक्य मला सूचीसाठी कामाला येणार हे तेव्हा माहीत नव्हतं.

१३ जुलै

चौदाशे पुस्तकं झाली आणि प्रोग्राम मध्येच थांबला. निरोप : २३५३ तक्त्यात नाही. २३५३ म्हणजे ऱ, जो 'किनाऱ्यावर', 'पायऱ्या' मध्ये लागतो. वर्णमालेच्या ५२ मध्ये तो नाही, म्हणून तक्त्यातही नव्हता. त्याला र चेच ४३ दिले आणि पुढे गेले.

संध्याकाळी वाचनालयात एक वाचक 'किनाऱ्या' शोधत होते. शीर्षकात हा शब्द असलेली तीन पुस्तकं कपाटात आहेत हे भाईंना पाठ. पडद्यावर एकच आलं. दोन तास गेले. शेवटी प्रत्येक शब्द ऑर्डमधून काढून आकडे खाली लिहिले.

एकात ऱ्या असा : २३५३, २३८१, २३५१, २३६६.
दुसऱ्यात : २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६.

८२०५ हे दिसणारं अक्षरच नाही. ती शून्य रुंदीची जोडखूण, दोन अक्षरांमध्ये अदृश्य बसते आणि र ला डोळ्याच्या पापणीसारखा आकार द्यायला सांगते. एका मुलाच्या मोबाइलचा कळफलक ऱ उमटवतो, दुसऱ्याच्या लॅपटॉपचा साधा र घेऊन जोडखूण घालतो. छापलं की दोन्ही हुबेहूब. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एक करणारी प्रक्रिया चालवून पाहिली, तीही या दोघांना एक करत नाही. ती फक्त ऱ आणि 'र अधिक नुक्ता' एवढ्यांनाच एक मानते. अॅ आणि ॲ चंही तेच.

म्हणून अपवादांची यादी, आधी ती बघायची. कुठलाही शब्द तक्त्याकडे जाण्याआधी चार गोष्टी : अ आणि चंद्र दिसला की एकसंध ॲ करायचा, र, हलन्त, जोडखूण दिसली की ऱ आणि हलन्त करायचं, उरलेल्या ८२०४ आणि ८२०५ च्या अदृश्य खुणा काढून टाकायच्या, नुक्ता काढायचा. त्यानंतर क्ष आणि ज्ञ ची तीन-तीन चिन्हं एका घरात गोळा करायची. हा क्रम बदलून चालत नाही. जोडखुणा आधीच काढल्या तर पापणीसारखा ऱ्या आणि रफाराचा र्या एकमेकांत मिसळतात, आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' एकच होतात. आचार्य वेगळा आणि आचारी वेगळा.

तिन्ही पुस्तकं सापडली.

२० जुलै

प्रकाशनवर्षांचं काम. इथे पायथनने सुखद धक्का दिला : '१९७४' असं देवनागरीत लिहिलेलं असलं तरी इंट हे फंक्शन त्याची सरळ संख्या करतं. आतलं गणित सोपं, ० चा आकडा २४०६, प्रत्येक अंकातून तेवढे वजा करायचे. ७ चे २४१३, राहिले ७. वाचनालयाच्या पानावरची शोधखिडकी जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत केली आहे, ती मात्र देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. तिथे ही वजाबाकी हाताने लिहिली.

तरी चौदा नोंदी अडल्या. दिसायला '१९७०', पण शेवटचं शून्य किंचित लहान. आकडा २४१६. ते शून्य नव्हतं, 'डॉ॰' मध्ये घालतात ते लाघवचिन्ह होतं. शून्यापासून बरोबर दहा जागा दूर. चौदाही नोंदी एकाच हाताच्या. त्या मुलाला काही बोलले नाही, आकडे शेजारी मांडून दाखवले, आणि त्याने स्वतःच सगळ्या दुरुस्त केल्या.

३ ऑगस्ट

जुन्या काळी कुणीतरी टाइप करून ठेवलेली चारशे पुस्तकांची यादी मिळाली. उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, त्यात मराठी आकार इंग्रजी आकड्यांवर बसवलेले, आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टाइप केलेला. तो फॉन्ट आमच्याकडे नाही. रूपांतर करत बसण्यापेक्षा कपाटातली पुस्तकं बघून पुन्हा चढवणं लवकर होईल, असं ठरलं. झालंही.

१७ ऑगस्ट

चवथीला दहा दिवस. सूची छापून आली, एकशे बारा पानं, कापडी बांधणी. भाईंनी पहिल्यांदा ळ तपासला, मग क्ष, मग गावांचं पान काढून व वर बोट ठेवलं : वास्को, वाळपई. काही बोलले नाहीत. कपाटातून जुनी दाखल नोंदवही काढून नव्या सूचीशेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकच लेबल लावलं.

राहिलेलं काम : नाटकांच्या संहितांमध्ये पात्रांच्या नावांची सूची हवी आहे, ती भाची एकटी करणार. अपवादांच्या यादीत तिने कालच एक ओळ वाढवली आहे, ॠ साठी. एका संहितेत 'पितॄ' असा शब्द आहे आणि ५२ मध्ये त्याला घर नाही. तिने तो ऋ च्या मागे, साडेसात या आकड्यावर ठेवलाय. चालतोय.